माझ्या पोटातली थंड ज्योत

मित्रांनो, या प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात वरच्या फळीकडे पाहा. चकचकीत भांड्यांच्या रांगेत एकच चंबू असा दिसेल, की त्याला पाहून कोणाचाही हात घासणीकडे वळावा. पोट गोल, मान लांब, आणि न विसळलेल्या चहाच्या कपात राहतो तसा आतून अंगभर तपकिरी थर. तो मी. मी जुना आहे, मळलेला आहे, आणि या दोन्ही गोष्टींचा मला अभिमान आहे.

मला तोंड आहे, मान आहे, पोट आहे. जीभ तेवढी नाही. त्यामुळे आयुष्यात एकदाच बोलायची फार फार गरज होती, तेव्हा मला गप्प बसावे लागले. ते पुढे येईलच. आधी जन्मापासून सांगतो.

माझा जन्म एका फुंकरीतून झाला. प्रयोगशाळेच्या मागे पत्र्याच्या खोलीत एक काचकारागीर बसत. काचेची नळी ज्योतीत धरून, बोटांनी सतत फिरवत, तोंडाने फुंकून ते तिला हवा तो आकार देत. सगळे त्यांना फुंकरकाका म्हणत. आयुष्यभर फुंकून त्यांचे गाल इतके सैल पडले होते, की ते गप्प बसले तरी आता काहीतरी फुगवणार असे वाटे.

एके दिवशी एक संशोधक मुलगी त्यांच्याकडे आली. वयाने लहान, पण कामाने अशी, की खोलीतले सगळे तिला ताईच म्हणत. तिला एक गोल बुडाचा चंबू हवा होता.

"पोट केवढं हवं?" काकांनी विचारले.

"ओंजळीत मावेल एवढं."

"आणि एवढ्या पोटाला खायला काय घालणार?"

"स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये असतो ना, त्या जातीचा गॅस. प्रोपेन. आणि सोबत ऑक्सिजन."

"मग पेटवणार!"

"नाही काका, पेटवायचं नाही. नुसतं गरम करायचं आणि आपोआप काय होतं ते बघायचं."

काका गाल हलवून हसले. "गॅस घ्यायचा आणि पेटवायचा नाही! शिकलेल्या माणसांचं काही खरं नाही बाई." पण बोलता बोलता त्यांनी नळी ज्योतीत धरली, ती नारिंगी झाली, मऊ पडली, आणि त्यांनी एक लांब, सावकाश फुंकर घातली. त्या फुंकरीचा मी झालो. त्यांनी मला लगेच बाहेर ठेवले नाही. एका उबदार पेटीत घातले आणि ती पेटी हळूहळू निवू दिली. "तापलेल्या काचेशी घाई केली तर ती बोलत नाही, पण मनात धरते," ते म्हणाले. "मग पुढे कधीतरी कोणी टिचकी मारली तरी फुटते."

मला जिथे बसवले ती खोली लांबट होती. खिडक्यांना जाड काळे पडदे होते, कोपऱ्यात हवा ओढून घेणारा पंप दिवसभर घरघरत असे, आणि मध्यभागी विजेची भट्टी होती. भट्टीला हाताच्या पंजाएवढी खिडकी. त्या भट्टीत माझे पोट आणि बाहेर माझी मान, अशी माझी बैठक. मानेला एक घासून बसवलेला सांधा होता, तिथून मला काढता-घालता येई. पुढे बारीक नळ्या, तोट्या, आणि आतला दाब दाखवणारा पाऱ्याचा एक उभा स्तंभ. ताई पंपाने माझ्या पोटातली सगळी हवा काढून घेई, मग मोजून गॅस सोडी, तोटी बंद करी आणि पाऱ्याकडे पाहत बसे.

त्या खोलीचे कर्तेधर्ते होते सर. मुले त्यांना पाठीमागे 'चकाचक' म्हणत, आणि ते सरांना पक्के ठाऊक होते. त्यांच्या खिशात पेनाआधी फडके असे. बोलता बोलता ते टेबल पुसत, टेबल पुसून झाले की तोटी पुसत, आणि एकदा तर एका पाहुण्याचा चष्मा त्याच्या नाकावरून काढून पुसून परत बसवला होता. "भांडं स्वच्छ, तर उत्तर स्वच्छ" हे त्यांचे ब्रीदवाक्य. त्यांचे स्वतःचे सारे आयुष्य द्रावणांच्या रसायनशास्त्रात गेले होते आणि तिथे ते वाक्य सोळा आणे खरे होते. माणूस लाखात एक. रागावत नसत. फक्त पुसत.

आता माझ्या पोटात काय चाले ते सांगतो. आग म्हटले की तुम्हाला काडी आठवते. काडी ओढली, भडका झाला, संपले. पण प्रोपेन आणि ऑक्सिजन एका बंद चंबूत घालून नुसते गरम ठेवले, काडी न लावता, ठिणगी न पाडता, तरी त्यांच्यात काहीतरी सुरू होते. बाहेरून काही दिसत नाही. पारा जागचा हलत नाही. पाहणाऱ्याला जांभया येऊ लागतात. मी मात्र आत होतो, आणि मी जे पाहिले ते आठवले की आजही माझी काच शहारते.

आधी प्रोपेनच्या एखाद्याच कणाचा एक हायड्रोजन निसटतो. तो कण बेचैन होतो आणि जवळून जाणाऱ्या ऑक्सिजनचा हात धरतो. हात धरला की त्याला बळ येते. तो स्वतःच्याच अंगावरचा आणखी एक हायड्रोजन जागेवरून हलवतो, दुसऱ्या ऑक्सिजनलाही धरतो, आणि असा भरत भरत शेवटी फुटतो. फुटताना मागे स्वतःसारखेच अनेक बेचैन कण सोडून जातो. त्यातला प्रत्येक जण पुन्हा तेच करतो. घरात एक मूल उठले की पांघरुणे ओढून बाकीच्यांनाही उठवते, तसा हा प्रकार. कुजबुजीची गडबड होते, गडबडीचा कल्लोळ होतो, आणि बाहेर बसलेल्या ताईला त्यातले अजून काहीच दिसलेले नसते.

या सगळ्यात माझ्या भिंतींचाही वाटा असे. काही कण धावत येऊन माझ्यावर आदळत. भिंत जर त्यांना गिळणारी असेल, तर खेळ तिथेच संपे. भिंत जर त्यांना परत जाऊ देणारी असेल, तर खेळ रंगे. मी नवा होतो तेव्हा माझेच मला कळत नव्हते की मी कसा आहे. तोच गॅस, तीच उष्णता, तरी सकाळी एक उत्तर आणि दुपारी दुसरे. ताईने मला टाकून दिले नाही. नव्या लोखंडी तव्याला सुरुवातीला सगळे चिकटते आणि वापरता वापरता तो सुटायला लागतो, तसेच माझे होईल हे तिला ठाऊक होते. ती तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करत राहिली. प्रत्येक वेळी आतल्या जळण्याचा एक पुसटसा पापुद्रा माझ्या अंगावर बसला. हळूहळू मी तपकिरी झालो, आणि माझी उत्तरे एकसारखी येऊ लागली.

"चंबू मुरला," ताई म्हणाली. खोलीतल्या मुलांनी तो शब्द उचलला. चंबू मुरवणे, चंबू मुरलाय का, अजून कच्चाच आहे. सर ते ऐकून हसत आणि आपले टेबल पुसत.

मग तो दिवस आला. भर दुपार होती, पण पडदे ओढलेले, दिवे बंद, आणि खोलीत मिट्ट काळोख. ताई भट्टीच्या खिडकीला डोळा लावून बसली होती. माझ्या पोटात कुजबुज वाढत वाढत टोकाला आली आणि अचानक माझ्यात उजेड झाला. निळा. अगदी फिका. तो एका बाजूने निघाला, माझे सगळे पोट ओलांडून दुसऱ्या बाजूला गेला आणि विझला. भडका नाही, आवाज नाही. काचेला तडा नाही. आत गॅस अजून बराचसा शिल्लक होता, जणू आग आली, डोकावली आणि "मग येते" म्हणून गेली.

ताईने श्वास रोखला होता. "थंड ज्योत," ती स्वतःशीच म्हणाली. तिने पुस्तकात वाचले होते, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहत होती. आणि ती डोळे पुसते न पुसते तोच माझ्यात दुसऱ्यांदा निळे उमटले. मित्रांनो, मी काचेचा. लोक माझ्यातून आरपार पाहतात, माझ्याकडे कोणी पाहत नाही. त्या दिवशी मात्र माझ्या पोटात सूर्याचे अगदी धाकटे भावंड खेळून गेले, असे मला वाटले. मी धन्य झालो.

ती ज्योत मध्येच का विझते, याचे उत्तर शोधताना ताईला जे सापडले ते तर त्याहून नवलाचे. ज्योत आली की माझे पोट जरा अधिक तापते. तापले की त्या बेचैन कणाच्या हातातून ऑक्सिजनचा हात सुटतो. हात सुटला की तो भरत नाही, फुटत नाही, मागे पिलावळ सोडत नाही. म्हणजे अधिक तापले की कारभार मंदावतो! भट्टी चारशे अंशांच्या वर नेली तर माझ्यातली मंडळी सुस्त, आणि तीच भट्टी पन्नास-साठ अंशांनी उतरवली की त्यांना चेव येतो. आणखी बरीच थंड केली तर मात्र पुन्हा सगळे निजतात. असा तो मधला एक उफराटा पट्टा होता.

सरांना हे पटेना. "अगं ताई, उष्णता वाढली की क्रिया वाढते, हे शाळेतली पोरं सांगतील. कुठेतरी गळती असेल. सांधा पुसून पाहिलास?" तिने सांधा पाहिला, तापमापक बदलला, तोट्या बदलल्या. उत्तर तेच. शेवटी सर स्वतः काळोखात खिडकीशी बसले. निळा उजेड येऊन गेला. दुसराही येईपर्यंत ते खिडकीला डोळा लावूनच राहिले. मग म्हणाले, "काय गं हे... इतकी वर्षं शिकवतोय मी, आणि हे आत असं चाललेलं असतं!" त्या दिवशी ते फडके भट्टीवर विसरून घरी गेले. खोलीत हे कळल्यावर मोठाच गहजब झाला.

त्यानंतर माझे दिवस पालटले. वर्गच्या वर्ग मला पाहायला येऊ लागले. मुले काळोखात एकमेकांच्या पायांवर पाय देत, "दिसलं! दिसलं!" ओरडत, आणि ज्यांना दिसले नसे तेही ओरडत.

ताईचा एक थोरला भाऊ होता. ती त्याला दादा म्हणे. तो एका कारखान्यात कामाला होता. तिथे अशाच जातीचा गॅस आणि हवा एका लांब नळीत गरम गरम मिसळत आणि मग पुढच्या टाकीत जात. नळीच्या शेजारी उभे राहून तिच्यावर लक्ष ठेवणे हे दादाचे काम. एकदा सुट्टीच्या दिवशी तो बहिणीला भेटायला प्रयोगशाळेत आला. हातात फळांची पिशवी, चेहरा खुशीत.

"आता मजा आहे," तो स्टुलावर बसत म्हणाला. "मागे एकदा नळीच्या जोडाला धूर आला होता ना, तेव्हापासून साहेबांनी मनावर घेतलंय. नळी थोडी थंड करणार आहेत. पुढच्या सोमवारपासून. माझा घाम तरी कमी होईल."

"किती थंड?" ताईने विचारले.

त्याने आकडा सांगितला. ताईच्या हातातले सफरचंद तसेच राहिले. आज नळी चालत होती ती सुस्तीच्या उष्णतेला, आणि सोमवारपासून तिला नेमके त्या उफराट्या पट्ट्यात आणून बसवणार होते. तेही सुरक्षिततेसाठी!

"दादा, तू तिथून सुट्टी घे."

"का? चांगलं करताहेत ते. गरम कमी, धोका कमी."

"नेहमी तसं नसतं रे."

"हे बघ, मला तुझं शास्त्र कळत नाही. आणि मी सुट्टी घेतली तरी त्या जागी दुसरा कोणीतरी उभा राहणारच ना? त्यालाही बहीण असेलच की."

ताईने सफरचंद पिशवीत परत ठेवले. ती तडक सरांकडे गेली. सरांनी कारखान्याच्या साहेबांना फोन लावला. साहेब शांत, सरळ बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "फोनवर ऐकून मी एवढा निर्णय फिरवू शकत नाही. पण डोळ्यांनी दाखवत असाल तर शनिवारी येतो."

शुक्रवारी दुपारी ताई गॅसची नवी टाकी आणायला गेली होती. खोलीत सर एकटेच. उद्या पाहुणे येणार म्हणून त्यांनी खिडक्या पुसल्या, टेबले पुसली, पंप पुसला. मग त्यांची नजर भट्टीच्या खिडकीतून माझ्यावर पडली. तपकिरी, डागाळलेला, पाहुण्यांपुढे असा बसलेला मी! त्यांनी घड्याळ काढून ठेवले, बाह्या वर केल्या, भट्टी निवू दिली, आणि माझी मान हलक्या हाताने सांध्यातून सोडवली.

मी मनातल्या मनात ओरडत होतो. नको सर! हा मळ नव्हे! हीच माझी कमाई आहे! पण जीभ नसलेल्याची हाक कोण ऐकणार? त्यांनी गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवला, लांब दांड्याचा ब्रश घेतला, आणि मला आतून गोल गोल घासले. किती मायेने म्हणून सांगू! इतक्या प्रेमाने मला कोणी आंघोळ घातली नव्हती, आणि इतके नुकसानही कोणी केले नव्हते. महिनोन् महिन्यांचा पापुद्रा पाण्याबरोबर मोरीत गेला. नळाखाली विसळून त्यांनी मला उजेडात धरले. मी हिऱ्यासारखा चमकत होतो. "वा!" सर म्हणाले, आणि मला पुन्हा जागच्या जागी इतके नेटके बसवले की मी तिथून हललो होतो याचा मागमूस राहिला नाही. ताईला त्यांनी सांगितले नाही. लपवायचे म्हणून नव्हे. माणूस जांभई दिली हे काय दुसऱ्याला सांगत बसतो? सरांना पुसणे-धुणे तसेच होते.

शनिवारी साहेब आले. सोबत दादाही होता. ताईने आधी भट्टी जास्त उष्णतेवर ठेवली, गॅस सोडला, दिवे घालवले. काही झाले नाही. "इथे असंच व्हायला हवं," ती म्हणाली. "आता खाली उतरवते. आता बघा."

काळोखात चार माणसे माझ्याभोवती श्वास धरून बसली. माझ्या पोटात एक कण बेचैन झाला, त्याने ऑक्सिजनचा हात धरला, तो धावला, आणि माझ्या भिंतीवर येऊन पडला. भिंतीवर सोड्याची अदृश्य पूड चिकटून राहिली होती. तिने त्याला गिळले. दुसरा आला, त्यालाही गिळले. माझ्याच अंगावर माझीच माणसे मरत होती आणि मी काही करू शकत नव्हतो. पारा हलला नाही. निळे काही उमटले नाही.

ताईने पुन्हा गॅस भरला. पुन्हा तेच.

शेवटी साहेबांनी घसा खाकरला. "दिवे लावू या का?" दिवे लागले. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. साहेब तिला दुखवू नये अशा आवाजात म्हणाले, "पोरी, तुझी कळकळ कळली मला. पण हा तर थंड केल्यावरही शांतच आहे. आम्हीही तेच म्हणतोय. सोमवारी ठरल्याप्रमाणे करतो." दादाने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटत होते की आपल्या काळजीपायी हिने उगाच सगळ्यांना दमवले.

मी तिथेच होतो, मित्रांनो. सगळे मला ठाऊक होते.

ताई सरांकडे वळून हळूच म्हणाली, "सर, काहीच कळत नाहीये. चंबू तर तोच आहे ना?"

"तोच आहे की. कालच मी तो..."

सर थांबले.

त्यांचा हात खिशातल्या फडक्यावर होता, तो तिथेच थिजला. ते वाक्य त्यांना कसेही पुरे करता आले असते. कालच मी तो तपासला. कालच मी तो पाहिला. पाहुणे निघून गेले असते, सरांचा मान राहिला असता, आणि सोमवारी दादा त्या नळीशेजारी उभा राहिला असता.

"काल मी तो धुतला," सर म्हणाले.

"कशाने?"

"सोड्याने. चांगला घासून." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मुरवणं म्हणता ना तुम्ही, ती मला तुमची थट्टाच वाटायची गं. पाहुणे येणार म्हणून मी... साहेब, हा प्रयोग माझ्यामुळे फसला. तिच्यामुळे नाही. मी या खोलीतला सगळ्यात शिकलेला माणूस, आणि मीच न विचारता हात घातला."

ताई स्टुलावर बसून राहिली. रागावली असेल, पण पहिल्यांदा तिने सुस्काराच टाकला, कारण निदान आता तिला कारण कळले होते.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "थांबा. मला एक सांगा. धुतलेला चंबू एक सांगतो, मळलेला दुसरंच सांगतो. मग खरा कोणता?"

हा प्रश्न मीही स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. ताईने जरा विचार करून उत्तर दिले. "दोन्ही खरे आहेत साहेब. तुमची नळी यातल्या कोणासारखी आहे, तेवढं सांगा. तिला आतून कोणी सोड्याने घासलंय?"

साहेबांनी दादाकडे पाहिले. दादा म्हणाला, "तिच्यात हात कुठं जातो? बसवल्यापासून आतून कोणी पाहिलेलीसुद्धा नाही."

"मी असंही म्हणत नाही, की तुमची नळी पेटणारच," ताई पुढे म्हणाली. "ती लोखंडाची आहे, हा काचेचा. मी एवढंच म्हणते, थंड म्हणजे सुरक्षित असं धरून चालू नका. मला चंबू पुन्हा मुरवू द्या, मग या."

साहेबांनी एकदा सरांकडे पाहिले. मग उठले. "तोवर नळीला हात लावत नाही," ते म्हणाले. "चारचौघांत स्वतःची चूक सांगणारा माणूस रोज भेटत नाही. त्यासाठी थांबतो."

मग माझे दुसरे बालपण सुरू झाले. सोडा निघावा म्हणून सरांनीच मला शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा विसळले. या खेपेला प्रत्येक गोष्ट ताईला विचारून. "आता ब्रश?" "नको सर." "फडकं?" "नको सर." मग ताईने पुन्हा पहिल्यापासून प्रयोग सुरू केले. ज्या सरांना तपकिरी डाग पाहून अन्न गोड लागत नसे, ते रोज सकाळी येऊन भट्टीच्या खिडकीतून वाकून विचारत, "मळला का गं?" ताई म्हणे, "अजून नाही." सर हिरमुसले होऊन जात. एका सकाळी माझ्या बुडाशी पहिली पुसट तपकिरी छटा आली, तेव्हा सरांनी मुलाचा पहिला दात दिसावा तसे सगळ्यांना बोलावून दाखवले.

साहेब पुन्हा आले, दादाही आला. पडदे ओढले गेले. जास्त उष्णतेला मी गप्प राहिलो. मग भट्टी उतरवली. गॅस आला. कण बेचैन झाला, ऑक्सिजनचा हात धरला, धावत माझ्यापाशी आला. जा बाळा, मी म्हटले, आणि त्याला परत सोडले. कुजबुज वाढली. मी काचेच्या कणाकणाने वाट पाहत होतो. आणि मग ते निळे आले. हलके, गार दिसणारे, कोणाचीही परवानगी न मागता माझ्या पोटात पसरत गेले आणि विझले. पुन्हा निळे आले.

"थंड केल्यावर पेटतंय," दादा पुटपुटला. एवढ्या दिवसांत त्याला पहिल्यांदा भीती वाटली होती. काळोखातच त्याने बहिणीचा हात चाचपून धरला.

साहेबांचा आवाज आला, "नळी थंड करायच्या कागदावर माझी सही झालेली होती." थोडे थांबून ते म्हणाले, "आधी तो फाडतो. नळी आहे तशीच राहू दे. पुढचं नीट तपासूनच ठरवू." मग त्यांनी एक गोष्ट केली जी मला अजून आठवते. दिवे लावायला गेलेल्या ताईला ते म्हणाले, "राहू दे जरा. अजून एकदा दिसतंय का बघू."

त्यानंतर बरीच वर्षे गेली. आता खोलीत पोलादी यंत्रे आली आहेत. ती पडद्यावर रेषा काढतात, आणि कोणाला काळोखात बसावे लागत नाही. मला कपाटात ठेवले आहे. माझ्यावर धूळ बसते आणि मुले मला ओलांडून पुढची भांडी काढतात. कधी कधी वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण मग मला एक दुपार आठवते.

ती सरांच्या निवृत्तीची दुपार होती. निरोपाची भाषणे झाल्यावर ते एकटेच या खोलीत आले. फडके काढून त्यांनी शेवटचे एकदा सगळे पुसले. टेबले, तोट्या, खिडक्या. मग हे कपाट उघडले आणि एकेक भांडे उतरवून पुसू लागले. माझी पाळी आली. त्यांनी मला ओंजळीत घेतले. दारात ताई उभी होती, तिच्याही केसांत आता पांढरे दिसू लागले होते.

"ताई," सरांनी विचारले, "हा बाहेरून पुसला तर चालेल का गं?"

"बाहेरून चालेल, सर," ती म्हणाली.

त्यांनी मला फक्त बाहेरून पुसले. मित्रांनो, माझे मागणे तेवढेच आहे. आम्हा जुन्यांची काळजी जरूर घ्या, पण हात लावण्याआधी एकदा विचारा.